गरम झाली की गिअर सोडणारी पिकअप : टीसीएम बदलण्याचे एक प्रकरण

गाडी डबल कॅब, फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल पिकअप. सहा गिअरची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, धाव सुमारे १,६०,००० किलोमीटर. कोणता गिअर कधी आणि किती दाबाने टाकायचा हे ठरवणारा ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम, या गाडीत गिअरबॉक्सच्या पोटात नाही. तो बोनेटखाली, रेडिएटरच्या पंख्याच्या आवरणाशेजारी पत्र्याच्या ब्रॅकेटवर अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या डबीत बसवलेला आहे. एकच मोठा कनेक्टर, त्यावर लॉकचा दांडा.

तक्रार ठरावीक होती. सकाळी थंड गाडी उत्तम चालायची. गर्दीतून किंवा चढावर चाळीस-पन्नास मिनिटे चालली की डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा गायब व्हायचा, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर यायचा, चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची. थांबून न्यूट्रलमधून पुन्हा डी मध्ये टाकली की मोठा झटका. रिव्हर्स मात्र पडायचा. बंद करून अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा पूर्ववत.

तपासणीला येण्याआधी तीन गोष्टी बदलून झाल्या होत्या. गिअरबॉक्सचे ऑईल, आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा) आणि बॅटरी. काटा शून्यावर येतो म्हणून सेन्सर, विजेचा काही घोळ दिसतो म्हणून बॅटरी, आणि झटका बसतो म्हणून ऑईल. प्रत्येक लक्षण सुटे धरले तर यातले काहीच वेडेपणाचे नाही. पण तिन्ही लक्षणे एकाच क्षणी येतात आणि एकदमच जातात, ही गोष्ट कोणी जमेला धरली नव्हती.

लक्षणांचा अर्थ

तिसऱ्या गिअरमध्ये अडकणे हा गिअरबॉक्सचा बिघाड नसून तिचा बचाव आहे. टीसीएमकडून सोलेनॉइडना, म्हणजे ऑईलचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विजेच्या कॉइलना, प्रवाह मिळणे बंद झाले की व्हॉल्व्ह बॉडीतले (हे व्हॉल्व्ह जिथे बसतात त्या भागातले) स्प्रिंग व्हॉल्व्ह त्यांच्या मूळ जागी ढकलतात आणि त्या अवस्थेत जो गिअर लागतो तोच शिल्लक राहतो. या गिअरबॉक्समध्ये तो तिसरा, इतरांमध्ये चौथा किंवा पाचवाही असतो. रिव्हर्स लिव्हरला जोडलेल्या मॅन्युअल व्हॉल्व्हवर चालतो, म्हणून तो राहतो. झटक्याचे कारणही तेच. इथला लाइन प्रेशरचा, म्हणजे ऑईलचा मुख्य दाब ठरवणारा, सोलेनॉइड उलट्या चालीचा आहे, प्रवाह जितका कमी तितका दाब जास्त. प्रवाह शून्य झाला की दाब कमाल होतो आणि क्लच आपटून बसतात.

काटा शून्यावर येण्याचे कारण वायरिंगच्या नकाशात सापडले. या गाडीत आउटपुट स्पीड सेन्सरची तार थेट मीटरकडे जात नाही. ती टीसीएमकडे जाते आणि टीसीएम तो वेग कॅन लाइनवरून (मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांच्या जोडीवरून) मीटर आणि ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल मॉड्यूलला, कळवतो. टीसीएम गप्प झाला की सेन्सर ठणठणीत असूनही काटा पडतो. गिअरच्या आकड्याचेही तसेच. म्हणजे आकडा, काटा आणि गिअर एकदम जाण्याला एकच जागा कारण असू शकते : टीसीएम, किंवा त्याला जगवणारा सप्लाय, अर्थ (बॉडीला जोडलेली परतीची तार) किंवा कॅन. संशय इथपर्यंत आणता येतो, निकाल नाही. टीसीएम म्हणून बदललेल्या कित्येक डब्या चांगल्या असतात आणि खरा दोष गंजलेल्या अर्थमध्ये किंवा सैल पडलेल्या पिनमध्ये निघतो.

कोड कोणी नोंदवले, कोणी नाही

थंड गाडीवर सगळ्या मॉड्यूलचे स्कॅनिंग केले, म्हणजे त्यांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचले. ईसीएम, एबीएस (ब्रेकचे मॉड्यूल) आणि मीटर या तिघांकडे यू-०१०१, म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटल्याची नोंद. खुद्द टीसीएमकडे एकही कोड नाही. ईसीएमकडे पी-०७०० सुद्धा नाही.

ही यादी बरेच काही सांगते. पी-०७०० हा टीसीएमने ईसीएमला ‘माझ्याकडे बिघाड नोंदलाय, दिवा लाव’ असे सांगितल्यावर उमटणारा कोड. सेन्सर किंवा सोलेनॉइड बिघडला असता तर टीसीएमने तो स्वतःकडे नोंदवला असता आणि पी-०७०० आला असता. इथे सांगणाराच त्या क्षणी जागेवर नव्हता. शेजाऱ्यांनी त्याची अनुपस्थिती लिहून ठेवली, एवढेच.

ईसीएमच्या फ्रीझ फ्रेममध्ये, म्हणजे बिघाडाच्या क्षणी साठवलेल्या नोंदीत, व्होल्टेज १४.१ आणि कूलंटचे तापमान ९१ अंश होते. बॅटरी किंवा अल्टरनेटर खाली आला असता तर हा आकडा पडलेला दिसला असता. बॅटरी बदलण्याआधी ही एक ओळ वाचली असती तर तो खर्च वाचला असता.

टीसीएम थंडीत बोलतो आहे तोवर एक काम लगेच उरकले : त्याच्यातून जे जे वाचता येईल ते वाचून ठेवणे. हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर कॅलिब्रेशनचा (या गाडीसाठी जुळवलेल्या प्रोग्रॅमचा) नंबर, चॅसी नंबर, अ‍ॅक्सल रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) आणि टायरच्या मापाची नोंद, क्लचची शिकलेली मूल्ये, आणि सोलेनॉइडची वैयक्तिक सुधारणा मूल्ये. काही गिअरबॉक्समध्ये ही शेवटची मूल्ये व्हॉल्व्ह बॉडीगणिक वेगळी असतात आणि नव्या मॉड्यूलमध्ये भरावी लागतात. ती गिअरबॉक्सवरच्या पट्टीवर छापलेली असली तरी इतक्या वर्षांत पट्टी पुसली गेलेली किंवा गिअरबॉक्सच बदललेली असू शकते. मॉड्यूल कायमचे मेले की ही माहिती त्याच्याबरोबर जाते. अधूनमधून बंद पडणारे मॉड्यूल हाती आले तर हे काम पहिले करावे.

दोष हजर असताना मोजमाप

थंड गाडीवर सगळे ठीकच दिसणार, म्हणून दोष मुद्दाम आणायचा होता. त्याआधी वायरिंगची पायाभूत तपासणी.

बॅटरीची निगेटिव्ह काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनमधला रोध मोजला : ६० ओहम. कॅन लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर असतात, म्हणून ६० हा निरोगी आकडा. टीसीएमचा कनेक्टर काढल्यावरही तो ६० च राहिला. याचा अर्थ या गाडीत शेवटचा रोधक टीसीएममध्ये नाही. ज्या गाडीत तो असतो तिथे कनेक्टर काढताच १२० दिसतात, आणि त्याला ‘लाइन तुटली’ समजून लोक भलतीकडे शोधत बसतात.

पुढे सप्लाय. टीसीएमला दोन सप्लाय आहेत : एक कायम, १० अँपिअरच्या फ्यूजमधून, दुसरा किल्लीनंतर रिलेमार्गे. दोन अर्थ, दोन्ही बॉडीवरच्या एकाच बोल्टवर. कनेक्टर काढून नुसता मल्टिमीटर लावला तर शेवटच्या एका धाग्यावर लटकलेली तारही १२.६ व्होल्ट दाखवते, कारण मीटर प्रवाह ओढतच नाही. म्हणून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो, टीसीएमच्या नेहमीच्या गरजेच्या आसपास. बल्ब जळत असताना सप्लायच्या बाजूचा व्होल्टेज ड्रॉप ०.१५ आणि अर्थच्या बाजूचा ०.०३ व्होल्ट. अर्थला ०.१ च्या आत आणि सप्लायला ०.३ च्या आत असेल तर तक्रारीला जागा नाही. बल्ब मात्र योग्य जाडीच्या जोडपिनने जोडला. मल्टिमीटरचा टोकदार प्रोब कनेक्टरच्या तोंडातून खुपसला की आतले टर्मिनल पसरते आणि उद्याचा नवा बिघाड आपल्याच हाताने तयार होतो.

कनेक्टरच्या पिना कोरड्या आणि चकचकीत होत्या. ऑईलचा अंश आहे का हे मुद्दाम पाहिले. गिअरबॉक्सच्या आतून तारेच्या धाग्यांमधून ऑईल वर चढत कनेक्टरपर्यंत येणे ही ऑटोमॅटिक गाड्यांमधली ठाऊक असलेली व्याधी आहे. इथे ती नव्हती.

मग दोष आणायची वेळ. टीसीएमच्या डबीवर काळ्या, चमक नसलेल्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे तापमान बरेच कमी दाखवतो, पट्टीवर रोखला की खरा आकडा मिळतो. हीट गन सर्वांत कमी आचेवर, वीतभर अंतरावरून, सतत फिरवत, कनेक्टरच्या प्लास्टिकपासून दूर. इंजिन आयडलवर, गाडी पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या. स्कॅनरवर टीसीएमचा लाइव्ह डेटा चालू.

६८ अंशांवर डेटा थांबला. गिअरचा आकडा गेला, दिवा लागला. गाडीच्या मालकाने सांगितलेले सगळे जसेच्या तसे. इंजिनबेमधली मॉड्यूल साधारणपणे १०५ अंशांपर्यंतच्या हवेत काम करतील अशी बनवलेली असतात, तेव्हा ६८ ला डोळे मिटणे हे काही वातावरणाचे पाप नव्हे. डबीवर दाबाची थंड हवा सोडली, ५५ च्या खाली आल्यावर टीसीएम पुन्हा बोलू लागला.

दोष हजर असतानाच कनेक्टरच्या मागून, वायरच्या रबरी सीलजवळून बारीक पिना घालून मोजले. कायम सप्लाय १३.९ व्होल्ट, किल्लीचा सप्लाय १३.७, अर्थ आणि बॅटरी निगेटिव्हमधला फरक ०.०२. कॅनच्या दोन तारा सरासरी २.७ आणि २.३ व्होल्ट, बेरीज ५, आणि बाकीची मॉड्यूल एकमेकांशी व्यवस्थित बोलत होती. टीसीएमकडून स्पीड सेन्सरना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा मात्र शून्य.

इथे एक फाटा तपासायलाच हवा होता. सेन्सरची तार कुठे तरी बॉडीला घासून शॉर्ट झाली असेल तर तिने पुरवठा ओढून टीसीएमला खाली पाडले असण्याची शक्यता राहते. म्हणून गिअरबॉक्सकडचा कनेक्टर काढला आणि किल्ली बंद-चालू केली, कारण काही मॉड्यूल शॉर्ट पाहून पुरवठा बंद करतात आणि किल्ली फिरवेपर्यंत तो परत देत नाहीत. डबी गरम असेपर्यंत पुरवठा शून्यच राहिला. आत येणारे सगळे हजर, बाहेर जाणारे काहीच नाही, आणि बाहेरचा भारही काढलेला. आता टीसीएम दोषी ठरवायला हरकत नव्हती.

डबी ६० च्या आसपास असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारली तरी दोष येत होता, हार्नेस (तारांचा जुडगा) हलवून मात्र कधीच नाही. आतला ड्राय सोल्डर, म्हणजे तडकून सैल झालेला सोल्डरचा सांधा, यावरून जवळपास नक्की झाला.

नवा बसवण्याआधी जुना का गेला

हा प्रश्न सोडून नवा टीसीएम बसवणे म्हणजे दुसरा बळी देणे. टीसीएम मारणारी नेहमीची कारणे तीन : सोलेनॉइड शॉर्ट होऊन आतला ड्रायव्हर जळणे, पाणी, आणि हादरे.

गिअरबॉक्सच्या कनेक्टरवरून सोलेनॉइड मोजले. ऑन-ऑफ प्रकारचे १३ ओहमच्या आसपास, दाब नियंत्रित करणारे ५.२ च्या आसपास. बॉडीशी कोणाचाच संबंध नाही. हे २० अंशांचे आकडे. ऑईल ८० ला पोचल्यावर तेच अनुक्रमे १६ आणि ६.४ झाले. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, ६० अंशांच्या फरकाला जवळपास चोवीस टक्के. गरम सोलेनॉइडचा वाढलेला आकडा थंडीच्या कोष्टकाशी ताडून पाहणाऱ्याने आजवर बऱ्याच चांगल्या व्हॉल्व्ह बॉडी उघडल्या आहेत. शंका तेव्हा घ्यावी जेव्हा गरम झाल्यावर आकडा कमी होतो किंवा एकच सोलेनॉइड बाकीच्यांपासून वेगळा वागतो.

पाण्याची खूण नव्हती. हादऱ्यांची होती. ब्रॅकेटच्या चार रबरी बुशांपैकी दोन गायब, तिसरे दगडासारखे कडक, आणि एका बाजूचा बोल्ट धागा गेल्याने नुसता अडकवलेला. डिझेल इंजिनची थरथर थेट डबीत जात होती, वर पंख्याच्या मागची गरम हवा. सोल्डरला तडे जायला एवढे पुरते. टीसीएमबरोबर बुशांचा संच आणि बोल्ट मागवले.

कोणता टीसीएम घ्यायचा

तीन पर्याय असतात. भंगारातून काढलेला वापरलेला, स्वतःचाच दुरुस्त करून घेतलेला, किंवा नवा कोरा. वापरलेला स्वस्त पडतो, पण त्यात दुसऱ्या गाडीचा चॅसी नंबर कोरलेला असतो. काही कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये तो एकदाच लिहिता येतो, काहींमध्ये इमोबिलायझरशी (चोरीविरोधी यंत्रणेशी) जोडी जमवावी लागते, आणि दुसऱ्या गिअरबॉक्सच्या झिजेला शिकलेली मूल्येही बरोबर येतात. तो किती काळ कोणत्या उष्णतेत राहिला होता हेही कळत नाही. दुरुस्त करून घेण्याचा फायदा असा की सगळी माहिती जागेवर राहते. ड्राय सोल्डरसारख्या दोषाला तो मार्ग चांगलाच आहे, फक्त दुरुस्त करणाऱ्याने डबी गरम करून, दोष गेल्याचे पाहून परत दिली पाहिजे. या गाडीला रोजचे काम असल्याने नवा कोरा घेतला. हार्डवेअर नंबर अगदी तोच, किंवा कंपनीने त्याच्या जागी अधिकृतपणे दिलेला नंबर, यापलीकडे तडजोड नाही. कनेक्टर बसतो म्हणून मॉड्यूल चालते असे नाही.

काढणे आणि बसवणे

हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि म्हणूनच घाईत बिघडते. किल्ली बंद करून दहा मिनिटे थांबले म्हणजे मॉड्यूल झोपतात. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला स्पर्श केला, कोऱ्या टीसीएमच्या पिनांना बोट लावले नाही. कनेक्टरचा लॉक दाबून दांडा पूर्ण उलटा केला की तो आपोआप बाहेर सरकतो. वायर धरून ओढायचे काही कारण नाही.

कनेक्टरमधल्या सप्लाय, अर्थ आणि कॅनच्या टर्मिनलची पकड मोकळ्या जोडपिनने तपासली : पिन आत घालून बाहेर काढताना किंचित ओढ जाणवायला हवी. सगळ्यांना होती. सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात दिला. पिनांच्या भोकांत ग्रीस कोंबू नये. बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून जागा घासली, परत कसली. तो दोषी नव्हता, पण हात पोचलेलाच होता.

नवी बुशे, नवा बोल्ट. एम६ चे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरला कसले, अ‍ॅल्युमिनियमच्या कानांना जास्त जोर सोसत नाही. कनेक्टरचे तोंड खाली आणि हार्नेसला कनेक्टरआधी छोटा झोळ, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातूनच खाली टपकते.

प्रोग्रॅमिंग

कोरा टीसीएम गाडीला ओळखत नाही. बॅटरी जोडून किल्ली चालू केली तेव्हा तो स्कॅनरवर दिसला आणि त्याच्याकडे पी-०६०२ होता, म्हणजे प्रोग्रॅम भरलेला नाही. यात काळजीचे काही नाही, उलट सप्लाय, अर्थ आणि कॅन ठीक असल्याची ती पावती आहे. या टप्प्यावर इंजिन चालू करून गाडी हलवून पाहण्याचा मोह टाळावा.

बॅटरीला १३.५ व्होल्ट स्थिर ठेवणारा सपोर्ट युनिट लावला. साधा चार्जर चालत नाही, त्याच्या व्होल्टेजमधली लहर लिखाणात अडथळा आणू शकते. दिवे, ब्लोअर, डॅशकॅम, फोनचा चार्जर बंद. दारे लावलेली, नाहीतर आतले दिवे आणि मॉड्यूल जागे होत राहतात. लॅपटॉप विजेवर, स्लीप बंद, आणि लॅपटॉप आणि गाडी यांना जोडणारे जे२५३४ मानकाचे पास-थ्रू उपकरण यूएसबी केबलने जोडलेले. ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून मॉड्यूल लिहायला बसू नये.

चॅसी नंबर देऊन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून कॅलिब्रेशन उतरवले, जुन्या नंबराशी ताडले. तो जुन्याचीच पुढची आवृत्ती होता. लिहून झाल्यावर किल्ली बंद, सॉफ्टवेअरने सांगितलेला वेळ थांबणे, पुन्हा चालू. लिखाण मध्येच थांबले तर हाताला पहिली सवय किल्ली बंद करून बॅटरी काढण्याची असते. तसे केल्याने अर्धवट लिहिलेले मॉड्यूल कायमचे अडकू शकते. किल्ली चालू आणि सपोर्ट लावलेला ठेवून तीच प्रक्रिया पुन्हा सुरू करायची. बहुतेक वेळा ती पूर्ण होते.

पी-०६०२ गेला, त्याच्या जागी पी-०६१० आला : गाडीचे पर्याय भरलेले नाहीत. चॅसी नंबर लिहिला, अ‍ॅक्सल रेशो, टायरचे माप आणि फोर-व्हील-ड्राइव्हची निवड भरली, सोलेनॉइडची जपून ठेवलेली मूल्ये टाकली. अ‍ॅक्सल रेशो चुकला तर गिअर रेशोचा कोड येईलच असे नाही, कारण तो गिअरबॉक्सच्या आतल्या दोन सेन्सरवरून काढला जातो. चुकतो तो गाडीचा वेग, आणि त्याबरोबर गिअर बदलण्याच्या व टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑईलचा जोड) लॉक होण्याच्या वेळा. टायर मोठे घातलेल्या पिकअपमध्ये हे विशेष जपावे.

शेवटी सगळ्या मॉड्यूलचे कोड पुसून पुन्हा वाचले. एबीएसमध्ये स्टीअरिंगच्या कोनाची नोंद बॅटरी काढल्यामुळे गेली होती, ती परत शिकवली.

गिअरबॉक्सला नव्याने शिकवणे

अनेक ठिकाणी काम प्रोग्रॅमिंगला संपते आणि गाडी ‘नवीन टीसीएम घालूनही झटके देते’ अशी परत येते. नव्या मॉड्यूलला या गिअरबॉक्सचे क्लच किती झिजलेत, पिस्टन भरायला किती ऑईल लागते, हे काहीच ठाऊक नसते. तो कारखान्यातल्या नव्या गिअरबॉक्सचे आकडे धरून चालतो.

शिकवण्याआधी ऑईलची पातळी. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी सपाट जागी, इंजिन आयडलवर, लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत एक फेरी, आणि ऑईल ४० ते ४५ अंशांत असताना ओव्हरफ्लोचा बोल्ट उघडायचा. बारीक धार यायला हवी. काहीच आले नाही. आधी बदललेले ऑईल तापमान न पाहता भरलेले असणार. गरम ऑईल फुगलेले असते, त्यामुळे त्या अवस्थेत ‘बरोबर’ भरलेली पातळी थंडीत कमी पडते. सुमारे ४०० मिलिलिटर, त्याच प्रतीचे, घातल्यावर धार सुरू झाली. कमी ऑईलवर शिकवणी दिली असती तर पंपाने ओढलेली हवा क्लचची झीज समजून टीसीएमने चुकीचे आकडे शिकले असते.

स्कॅनरमधून जुनी मूल्ये शून्य केली. ऑईल ७० अंशांवर आल्यावर, ब्रेक दाबून, न्यूट्रल ते डी आणि न्यूट्रल ते रिव्हर्स, प्रत्येक वेळी चार सेकंद थांबत, पाच ते दहा वेळा. पहिल्या काही वेळा झटका होता, मग विरत गेला.

मग रस्त्यावर. ऑईल ७० ते ९० अंशांत, अ‍ॅक्सिलरेटर पंधरा-वीस टक्क्यांवर अगदी स्थिर, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत गिअर आपसूक चढू द्यायचे. मग पाय पूर्ण काढून, ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थांबेपर्यंत उतरू द्यायचे. हे दहाएक वेळा, मग हेच तीस-चाळीस टक्क्यांवर. अ‍ॅक्सिलरेटर डळमळता राहिला तर टीसीएम तो बदल शिकण्यात धरतच नाही, त्यामुळे तासभर गाडी हाकूनही काही शिकलेले नसते. शिकवणी पूर्ण होईपर्यंत पाय पूर्ण दाबायचा नाही.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सुरुवातीला आरपीएम दोनशेने उसळायचे, म्हणजे एक क्लच सुटून दुसरा पकडेपर्यंत किंचित पोकळी. प्रत्येक फेरीत उसळी कमी होत गेली आणि मूल्ये मर्यादेच्या बरीच आत स्थिरावली. मूल्य मर्यादेला भिडूनही उसळी राहिली असती तर प्रश्न क्लचचा किंवा व्हॉल्व्ह बॉडीचा आहे, आणि तो कुठल्याही मॉड्यूलने सुटणार नाही असे मालकाला तिथेच सांगावे लागले असते.

पडताळणी

ज्या अटीवर दोष यायचा त्याच अटीवर तपासले. डबीवरची काळी पट्टी नव्या टीसीएमवर लावली आणि हीट गनने ८० अंशांपर्यंत नेले, डेटा अखंड. गर्दीतून आणि चढावर तासाभराहून जास्त चालवताना डबी ७४ पर्यंत गेली, म्हणजे जुन्याच्या मरणबिंदूच्या वर. प्रत्येक गिअरमध्ये इनपुट शाफ्टचे फेरे भागिले आउटपुटचे फेरे हा आकडा छापील रेशोशी जुळला. कन्व्हर्टर लॉक झाल्यावर घसरण जवळपास शून्य. रिव्हर्स आणि लो रेंजही पाहिली. परत आल्यावर कोणत्याच मॉड्यूलमध्ये कोड नव्हता.

मालकाला दोन गोष्टी लेखी दिल्या. कधी गाडी पुन्हा एका गिअरमध्ये अडकलीच तर ती रेटत लांब नेऊ नये. त्या अवस्थेत कन्व्हर्टर लॉक होत नाही, ऑईल झपाट्याने तापते आणि मॉड्यूलचा दोष क्लचपर्यंत जातो. आणि ओढून न्यायची वेळ आली तर चारही चाके उचलणाऱ्या फ्लॅटबेडवरच, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि जमिनीवर लोळणारी चाके तिला कोरडी फिरवतात.

जुनी डबी उघडली. आतल्या पारदर्शक जेलखाली, भिंगातून, पॉवर सप्लायच्या कॉइलच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये अंगठीसारखा बारीक तडा गोल फिरलेला दिसला. थंडीत दोन्ही कडा टेकलेल्या. हीट गनखाली बोर्ड फुगला की पाय हलताना दिसत होता. तो बोर्ड, वाचून ठेवलेली मूल्ये आणि दोन्ही कॅलिब्रेशनचे नंबर गाडीच्या फायलीत ठेवले. हजार किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट आणि शिकलेली मूल्ये पुन्हा पाहिली. बोल्ट कसलेले होते, आणि मूल्ये रस्त्यावरच्या पहिल्या दिवशी जिथे थांबली होती तिथून फारशी हललेली नव्हती.